डॉक्सी गिळताना पाणी किती?

पावसाळ्यात ठाण्यात वंदना डेपोजवळच्या किंवा कळव्याच्या तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सीसायक्लिन, म्हणजेच डॉक्सी, हे अँटिबायोटिक लिहून देतात. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू पायावरच्या जखमेतून शिरतो, त्यावर हा उपाय. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा २०० मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल. आजार झालेलाच असेल तर हिशेब वेगळा, म्हणून चिठ्ठी नीट वाचा. गरोदर बायकांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना हे औषध एरवी टाळतात. मुलांचे दात कायमचे पिवळट-तपकिरी होऊ शकतात. तेव्हा उरलेल्या पट्टीतली एक शेजारच्या पोराला, हा परोपकार नको.

खरा घोळ गिळण्यात होतो. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, ओलं झालं की चिकटतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या बाटलीतला एक घुटका घेऊन, किंवा रात्री दिवा मालवता मालवता ती घेतली, तर अर्ध्या वाटेत अन्ननलिकेला चिकटून तिथेच विरघळते. डॉक्सी विरघळल्यावर चांगलीच आम्लधर्मी होते, अस्तर भाजतं, व्रण पडतो. मग काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध दुखायला लागतं, साधं पाणीही बोचत खाली जातं. याला ॲसिडिटी समजून पुढची कॅप्सूल तशीच घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. आणि छातीतलं दुखणं गोळीचंच आहे, हे घरी बसून ठरवू नका.

म्हणून आधी दोन घोट पिऊन घसा ओला करा. ताठ बसून किंवा उभं राहून एका वेळी एकच कॅप्सूल गिळा आणि वर पेलाभर, २०० मिलिलिटर तरी पाणी प्या. मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपण्याच्या तोंडावर घेण्यापेक्षा जेवणाबरोबर बरी. उपाशीपोटी मळमळ फार होते, वरणभातावर घेतली की कमी.

मळमळ झाली म्हणून लगेच अँटासिडचं जेल घेणारे पुष्कळ. त्यातलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम डॉक्सीला बांधून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच. दोन्हींत किमान २-३ तासांचं अंतर ठेवा. दुधाचा परिणाम त्या मानाने थोडा, तरी गोळी दुधाबरोबर नको.

उन्हाचं कोणी सांगत नाही. डॉक्सी चालू असताना कातडी लवकर भाजते. पाम बीच रोडवरून बाईकने जाणाऱ्याच्या मनगटाला, मानेला लाली येते, ढगाळ दिवशीसुद्धा. पूर्ण बाह्या घाला.

ओठ-चेहरा सुजला, धाप लागली, अंगावर फोड आले, तर औषध थांबवून थेट इस्पितळ गाठा. डोकं जबर दुखून नजर अंधूक झाली किंवा रक्ताचे जुलाब लागले, तरीही तेच. हे जुलाब कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही लागू शकतात, तेव्हा डॉक्टरांना जुन्या औषधाची आठवण द्या.

दुष्परिणाम झाल्यास रुग्ण स्वतःही कळवू शकतो. राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. तिथे सांगायला बॅच नंबर हाताशी असलेला बरा, पण केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या दोन कॅप्सूलवर तो बहुधा नसतोच. बिल मागून घ्या, त्यावर असतो.