नाताळच्या सुट्टीनंतर घराची गाडी रुळावर कशी आणायची

नाताळची सुट्टी म्हणजे फार तर आठ-दहा दिवस, दिवाळीसारखी मोठी नाही, पण घराचं वेळापत्रक दिवाळीपेक्षा हीच जास्त बिघडवते असं माझं स्पष्ट मत आहे. कारण थंडी. पोरं रात्री पिक्चर बघत बारापर्यंत जागी, सकाळी साडेआठ झाले तरी रजईत, आणि शाळा उघडली की व्हॅनवाले काका पावणेसातला खाली हॉर्न मारायला हजर.

तर सगळ्यात आधी हे की सुरुवात रात्रीपासून नाही, सकाळपासून करायची. आपण काय करतो, शाळेच्या आदल्या रात्री नऊला लाइट बंद करतो आणि झोप झोप म्हणून ओरडतो, पोरगं बिचारं अकरापर्यंत कूस बदलत पडतं, झोप आलेलीच नसते तर झोपणार कसं. त्यापेक्षा निदान तीन दिवस आधीपासून रोज पाऊण तास लवकर उठवा, म्हणजे पावणेआठ, मग सात, मग सव्वासहा. दुपारी आडवं होऊ द्यायचं नाही, चिडचिड होईल, होऊ दे, रात्री आपोआप डोळे मिटायला लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते, त्यामुळे सव्वासहाला उठायचं तर नऊला झोपलेलंच पाहिजे, हा हिशोब सोपा आहे.

उठवल्यावर अंथरुणात बसू देऊ नका. बाल्कनीत न्या, पडदे उघडा, घरातले सगळे दिवे लावा. जानेवारीत हे मुद्दाम करावं लागतं, कारण सगळ्यात छोटा दिवस डिसेंबरात होऊन गेला तरी सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यात, पुण्या-मुंबईकडे सात वाजून गेल्यावर. सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं म्हणून छोट्यांचं जरा बरंय, पण सकाळच्या शिफ्टची मोठी पोरं अंधारातच निघतात. त्यांच्यासाठी गीझर आधी लावून ठेवा, किंवा सरळ आंघोळ संध्याकाळवर टाका, काही बिघडत नाही (सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा).

मग दप्तर. हे रविवारी रात्री नाही, दोन दिवस आधी दुपारी उघडायचं, कारण आत शेवटच्या दिवशीचा डबा असण्याची दाट शक्यता आहे. आयकार्ड, बूट, शाळेचा स्वेटर शोधून एका जागी ठेवा, युनिफॉर्म घालून बघायला लावा, आणि व्हॅनवाल्या काकांना एक फोन करून ते नक्की कुठल्या तारखेपासून येणार ते विचारा, शाळेची तारीख आणि त्यांची तारीख एकच असेल असं नाही. प्रोजेक्ट राहिलाच असेल तर पोराला स्वतःला करू द्या, थर्माकोल कापत तुम्ही रात्री जागलात तर सकाळी उठवणार कोण.

डब्याचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात प्रयोग नकोत. मटार स्वस्त असतो, रविवारी बसून सोलून फ्रीजरला टाका, मग मटार पोहे, मटार पराठा, मटार भात यावर आरामात चार दिवस निघतात. पौष्टिक वगैरे नवीन वर्षाचे संकल्प असतील तर ते दुसऱ्या आठवड्यात.

मोबाइल एकदम काढून घेऊ नका, महाभारत होतं. जेवायच्या आधी अर्धा तास आणि जेवणानंतर बंद, एवढाच नियम ठेवा, पण मग तो बाबांनाही लागू, नाहीतर पोरं दुसऱ्याच दिवशी बरोबर बोट दाखवतात. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना आधीच विश्वासात घ्या, नाहीतर तुम्ही टीव्ही बंद करणार आणि तिकडून "असू दे गं, लहान आहे" येणार.

शेवटचं म्हणजे कॅलेंडर घेऊन पाच मिनिटं बसा. 14-15 तारखेला संक्रांत, मग 26 जानेवारीची परेड, मध्येच कुठेतरी गॅदरिंग आणि स्पोर्ट्स डे. कुठल्या डान्सला काय घालायचं हे टीचरना आत्ताच विचारून घ्या, आदल्या रात्री दहाला "आई, मला उद्या पिवळा कुर्ता लागणारे" हे ऐकायचं नसेल तर.