मूल 18 चं व्हायच्या आधी गार्डियनशिपचे (कायदेशीर पालकत्वाचे) कागद जमवा
ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेलं मूल 18 चं झालं की कायद्याने सज्ञान, मग बँकेत वगैरे आईवडिलांची सही आपोआप चालेलच असं नाही, म्हणून यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र), आधार, जन्मदाखला आधीच एका फाईलीत लावा आणि 18 पूर्ण झाले की नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली लीगल गार्डियनशिपचा अर्ज टाका. कोर्टात जायची गरज नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची लोकल लेव्हल कमिटी हे काम बघते.

निरामय विमा (नॅशनल ट्रस्टचा अशा मुलांसाठीचा आरोग्य विमा) काढला नसेल तर प्लीज काढाच, 1 लाखापर्यंत कव्हर मिळतं, आधी मेडिकल टेस्ट नाही, थेरपी, ओपीडीचा खर्चपण त्यात बसतो. विम्याच्या क्लेमसाठी थेरपीच्या पावतीवर मुलाचं नाव, तारीख, सही-शिक्का तिथेच उभं राहून बघून घ्या.