बिअर मुरवायची आहे? मग आधी माळा विसरा

२००९ मध्ये डुलाली हा स्वतःची बिअर बनवणारा ब्रूपब सुरू झाला तेव्हापासून पुण्याची जीभ बिअरच्या बाबतीत बरीच चोखंदळ झाली आहे. त्यातल्या काहींना आता पुढचा नाद लागलाय: तगडी एल (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) आणायची, तीन-चार वर्षं दडवून ठेवायची आणि मुरली की उघडायची. नाद उत्तम. पण याबद्दल जे वाचायला मिळतं, ते थंड देशातल्या, घराखाली तळघर असलेल्या माणसांनी लिहिलेलं असतं. आपण राहतो कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, आणि डोक्यावर थेट गच्ची. त्यामुळे इथे चुका होतात त्याही ठरलेल्या.

'स्ट्राँग' छापलंय म्हणून ठेवून दिली

वाइन शॉपमधली आपली स्ट्राँग बिअर म्हणजे ५ ते ८ टक्के अल्कोहोलची लागर, थंडीत आंबवलेली हलकी बिअर. गाळलेली, पाश्चराइज केलेली, लवकर संपवण्यासाठीच बनवलेली. ती मुरत नाही, नुसती शिळी होते. बाटलीवरची मुदत मुकाट्याने पाळा.

मुरतात त्या माल्टने भरलेल्या, साधारण ८ टक्क्यांच्या वरच्या एल: बार्लीवाइन, इम्पीरियल स्टाउट, बेल्जियन क्वाड्रुपल. शिमे ब्लू ९ टक्के, रोशफोर १० ही ११.३ टक्के. यांच्या बाटलीत यीस्ट जिवंत असतं आणि आत अडकलेला थोडाफार ऑक्सिजन ते खाऊन टाकतं. ओरवाल मात्र ६.२ टक्क्यांची असूनही सुंदर बदलत जाते, कारण तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट असतं आणि ते सावकाश आपलं काम करत राहतं.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ठेवू नका. 'जहाजातून हिंदुस्थानात यायची, म्हणजे टिकणारच' हा युक्तिवाद करणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्या काळची एल आणि आजची हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, सुगंधावर जगणारी आयपीए यांचं नातं नावापुरतं आहे. तो सुगंध काही महिन्यांत उडतो आणि मागे उरतो गोडसर कडवटपणा. व्हीट बिअरचंही तेच. ब्रूपबमधून भरून आणलेला ग्राउलर (बिअरची मोठी बाटली) तर दोन दिवसांत संपवायचा, त्यात मुरवण्यासारखं काही नाही.

माळ्यावर ठेवली

आपल्याकडे जे लगेच लागत नाही ते माळ्यावर जातं. गणपतीचं मखर, दिवाळीचा आकाशकंदील, आणि त्यांच्या मागे पाहुण्याने ब्रसेल्सहून आणलेल्या बाटल्या. (विमानतळावर २ लिटरची सवलत असते. ३३० मिलीच्या सहा बाटल्या त्यात बरोब्बर बसतात, म्हणून आणणारे सहाच आणतात.) घरात बाटल्यांसाठी याहून वाईट जागा सापडणं कठीण. गरम हवा वर साठते आणि माळा थेट स्लॅबला चिकटलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत रात्री अकरा वाजता त्या स्लॅबला हात लावून बघा, दुपारचं ऊन अजून तिथेच असतं. माळा बाथरूमवर असेल तर खाली गीझर, म्हणजे थंडीतही सुटका नाही.

या बिअरला हवं असतं १० ते १३ अंश. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. १२ ऐवजी ३२ अंशांवर ठेवली तर चौपट. यावर कोणी म्हणेल, छान, चार वर्षांचं काम एका वर्षात उरकलं! तसं होत नाही. सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. उष्णतेत यीस्टच्या पेशी मरून फुटतात आणि खजूर-मनुकांची चव यायच्या आधीच सोया सॉससारखा वास येतो. शिवाय पुण्याचा उन्हाळा कोरडा. दुपारी ३८-३९ आणि पहाटे विशीच्या आसपास, असा रोजचा झोका बाटलीला सोसावा लागतो.

मग ठेवायची कुठे? उत्तरेकडच्या किंवा पूर्वेकडच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात किंवा दिवाणाखाली. तिथे आधी एक साधा डिजिटल थर्मामीटर आठवडाभर ठेवा आणि दुपारी चारला आकडा बघा. मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत बाटल्या फ्रिजमध्ये हलवणं सर्वांत शहाणपणाचं. ४ अंशांवर मुरणं जवळपास थांबतं, पण बिघडत काही नाही. अडचण एवढीच, की नेमके तेच आंब्याचे दिवस असतात आणि आमरसाच्या पातेल्यापुढे तुमच्या क्वाड्रुपलचा निभाव लागणं अवघड. हौस दांडगी असेल तर १२ अंशांवर लावलेला वाइन कूलर घ्या, किंवा जुन्या फ्रिजला बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर जोडा.

आडवी ठेवली, उजेडात ठेवली

वाइनचा नियम इथे लावू नका. बाटली उभी ठेवायची. गाळ तळाशी बसतो आणि हवेला लागून असलेला बिअरचा पृष्ठभाग कमी राहतो. बेल्जियममधले लॅम्बिक ही आंबट बिअर बनवणारे आडव्या ठेवतात, पण ते त्यांचं बघून घेतील.

शोकेसमध्ये तर अजिबात नको. उजेडाने हॉप्समधले कडू घटक तुटून गंधकाचा उग्र वास तयार होतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत हे फार लवकर होतं. तपकिरी काच बरी, तरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली अधिक बरी.

उघडली आणि काहीतरी बिघडलंय

ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर ऑक्सिजन शिरलाय. गडद एलमध्ये थोडं ऑक्सिडेशन शेरी वाइनसारखं, काकवीच्या अंगाने जाणारं लागतं आणि ते हवंच असतं. पुठ्ठा मात्र नको. सोया सॉस आला तर दोष उष्णतेचा. फेसच नाही, तर झाकण गळतंय. पावसाळ्यात गंजलेलं बूच दिसलं तर ती बाटली आधी संपवा. उघडताच कारंजं उडालं आणि मुळात आंबट नसलेली एल आंबट लागली, तर आत जंतू शिरलेत, बेसिनमध्ये ओता. त्याच लॉटच्या बाकीच्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये टाका आणि हाताळताना टॉवेलात गुंडाळा. दाबाने काच फुटते, आणि ती गंमत नाही.

एकच बाटली आणली

एका बाटलीने काही कळत नाही. निदान तीन आणा. एक ताजी प्या, नाहीतर पुढे काय बदललं हे कशाशी ताडणार? दुसरी साधारण वर्षाने, तिसरी तिच्या चवीवरून ठरवून. मास्किंग टेपवर आणल्याची तारीख लिहून बाटलीला चिकटवा. आणि महाराष्ट्रात मद्य जवळ बाळगायलाही परवाना लागतो, तो काढलेला असू द्या.

प्यायच्या आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, पण ग्लासात ओतण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. एकदम चिल्ड दिली तर इतक्या वर्षांत आलेला वास नाकापर्यंत पोचणारच नाही. एका दमात, हळू ओता आणि गाळ गळ्याशी आला की थांबा.