मेळाव्यात हात वर करण्याआधी

सामाजिक काम करणाऱ्या तरुणांच्या मेळाव्याला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहितेय. सतरंजी, ताट-वाटी, टॉर्च, ओळखपत्र ही यादी जिल्हा प्रमुखांनी ग्रुपवर टाकलेली असणारच, ती इथं पुन्हा देत नाही. मेळावा अंबाजोगाईला असेल तर एवढंच लक्षात ठेवा की तिथं रेल्वे जात नाही. परळीला उतरून एसटी धरायची. मे महिन्यात भर दुपारी परळीच्या स्टँडवर उभं राहायची हौस नसेल तर सकाळी पोचणारी गाडी बघा. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं घरच्यांचं "उगी खर्च कशाला" निदान अर्धं तरी खोडता येतं.

पहिल्या दिवशी परिचय लांबतो, अहवालवाचन त्याहून लांबतं. कुणी किती झाडं लावली, किती रक्तपिशव्या जमवल्या, हे जिल्हावार वाचलं जातं आणि मागं बसलेल्या नव्या पोरीला वाटतं, आपण तर काहीच केलं नाही. घाबरू नका. अहवालातला आकडा आणि गावातला आकडा यांची गाठ क्वचितच पडते, आणि जुन्या मंडळींना ते ठाऊक असतं. राष्ट्रीय सेवा योजनेतून आलेल्यांना तर हे नवीन नाही. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. त्यातले गावात किती गेले आणि कॉलेजच्या आवारात गवत उपटण्यात किती गेले, हे ज्याचं त्याला माहीत.

आता मुद्द्याचं. शेवटच्या दुपारी नियोजनाचं सत्र असतं. गाणी म्हणून घसे बसलेले असतात, रात्रीच्या जागरणानं डोळे चुरचुरत असतात, आणि फळ्यावर रकाने आखलेले असतात: जिल्हा, उपक्रम, महिना, जबाबदार व्यक्ती. माइकवरून विचारलं जातं, "बीडचं कोण घेणार?" शेजारची कोपरानं ढोसते, तुमचा हात वर जातो, टाळ्या पडतात, नाव फळ्यावर चढतं. महिना कोणता, याला कुणी अर्धा मिनिटही देत नाही. सगळे डिसेंबर म्हणतात. हिवाळी परीक्षा उरकलेली असते, हवा बरी असते, गावात राहायला सोपं जातं. मीही डिसेंबरच म्हणाले होते. धारूर तालुक्यातलं गाव, सात दिवसांचं शिबिर, घरोघर आरोग्याची पाहणी.

गावात गेलो तर निम्म्या घरांना कुलूप. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या एका आजींनी आमच्या हातातल्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "समदे कारखान्यावर गेलेत बाई. पट्टा पडल्याबिगर कोण येतंय? आता पाडव्याला या."

बीडमधल्या वाचकांना हे सांगावं लागू नये, पण मेळाव्यात शहरातली मुलं खूप असतात म्हणून सविस्तर सांगते. ही ऊसतोड मजुरांची गावं. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या हलतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकाकडं लागतात. कारखान्याचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत रेटतो, तो संपला म्हणजे पट्टा पडला. तुम्ही फळ्यावर 'लोकसहभाग' लिहिता, त्या गावात तेव्हा लोकच नसतात. आणि हे फक्त बीडचं नाही. लातूर-धाराशिवकडं वेळा अमावस्येला अख्खं गाव रानात जेवायला जातं, लातूर शहराचे रस्तेसुद्धा ओस पडतात. ती डिसेंबर-जानेवारीत येते आणि नेमक्या त्याच तारखेला कुणीतरी प्रभातफेरी ठेवलेली असते. परभणी-जालन्यात कापूस वेचणी चालू असताना दुपारी तीनची महिला बैठक ठेवणारे आहेत. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला जोडून ग्रामशिबिर घ्यायची टूम दरवर्षी निघते. झेंड्याला माणसं येतात, पण थांबत नाहीत, सोयाबीन काढणीला आलेलं असतं.

म्हणून माइक हातात आला तर एवढंच म्हणा: काम घेते, महिना गावाला विचारून पंधरा दिवसांत कळवते. मंचावरचे नाराज होतील, होऊ द्या. मग खरंच विचारा. सरपंचांवर थांबू नका, ते कोणत्याही महिन्याला "या की" म्हणतात. आशाताईला विचारा, अंगणवाडीच्या ताईंना विचारा, शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. दसऱ्याच्या आधी किती घरं होती आणि नंतर किती उरतात, हे आशाताई फोनवर तोंडपाठ सांगते.

आणि चुकीच्या महिन्यात गेलातच तरी आभाळ कोसळत नाही. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी अशा गावांत हंगामी वसतिगृह चालतं, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीत. आम्ही फॉर्म पिशवीत कोंबले आणि संध्याकाळी त्या मुलांचं वाचन घ्यायला बसलो. पाचवीतल्या एका मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर गावांची नावं होती, एकाखाली एक, वरची सगळी खोडलेली. आईबापाचा फड, म्हणजे ऊसतोडीची जागा, जसजसा हलेल तसं ती नवीन नाव लिहायची. आमच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये यासाठी रकानाच नव्हता.

मेळाव्यात अजून एक गोष्ट होते आणि त्याबद्दल माझं मत कडवट आहे, आधीच सांगते. कुणीतरी ज्येष्ठ दादा खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "परीक्षा-बिरीक्षा सोड, पूर्णवेळ ये." त्या वयात हे ऐकून अंगावर काटा येतो. आमच्या बॅचमधल्या काही जणांनी पदवीचं शेवटचं वर्ष तसंच सोडलं. त्या दादाला शांतपणे विचारा, तुमचं घर या काळात कुणी चालवलं? बहुतेक वेळा उत्तर 'बायकोची नोकरी' असं असतं आणि ते भाषणात कधीच येत नाही. पूर्णवेळ काम वाईट नाही, मी स्वतः काही वर्षं केलंय, त्यातूनच आजची नोकरी मिळाली. पण मानधन किती, कोणत्या महिन्यापासून, प्रकल्प संपला की काय, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, हे कागदावर घ्या. शिकायचंच असेल तर समाजकार्याची पदवी आपल्याच भागात करता येते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र १९८६ पासून आहे. ते दादा म्हणतील, पुस्तकी शिक्षणानं काम येत नाही. त्यांच्या पोरांच्या फिया भरल्यात का तेवढं बघा.

चांगली माणसंही तिथंच भेटतात, आणि ती सापडणं अवघड नाही. दुपारच्या वाढपाच्या पाळीत नाव द्या. भाताचं पातेलं दोघींनी मिळून उचललं की मानधनाचं, घरचं, नवऱ्याच्या रागाचं, सगळं विचारता येतं. मंडपात विचारलंत तर "वेगळं बसून बोलू" म्हणतील, आणि तोवर परळीची शेवटची एसटी निघालेली असेल.