जमिनीवरचं दगडफूल कसं ओळखायचं?

पावसाळ्यात खुलताबादजवळच्या म्हैसमाळला गेलात, तर मुरमाड जागी मातीला चिकटलेले करडे-हिरवट खवले शोधा. काळ्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र जोडी, ते झाडांच्या सालीवर, खडकांवर वाढतं. हे मातीवर वाढणारे त्याचे भाऊबंद. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पाण्याची फवारणी एवढं सोबत असलं की पुरे.

उघडीप असताना आधी कोरड्या खवल्याचा फोटो घ्या, मग फवारा मारून पुन्हा घ्या. बऱ्याच जाती ओल्या होताच हिरव्या दिसू लागतात, कारण वरची साल पारदर्शक होऊन आतलं शैवाल दिसतं. आता एकाच खवल्याची कड नखानं फाडून भिंगाखाली धरा. सालीखाली हिरवी रेघ आणि तिच्याखाली कापसासारखे पांढरे बुरशीचे तंतू दिसले, तर ते दगडफुलाच्याच कुळातलं. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते.

दगडफुलासारखे दिसून फसवणारे दोघे. रिक्सिया ही मातीला चपटी चिकटलेली शेवाळासारखी हिरवी वनस्पती; तिच्या फांद्या टोकाला दुभंगतात आणि मधोमध पन्हळ असते. नॉस्टॉक म्हणजे पावसात फुगणारा, नील-हरित शैवालाचा जेलीसारखा गोळा. मात्र काही दगडफुलंही काळी, जेलीसारखी असतात. त्यांवर तपकिरी चकत्या आहेत का ते बघा; असतील तर ते दगडफूल.

नेमकी जात ठरवायला बहुतेकदा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, म्हणून फोटोवरून नाव ठोकून देऊ नका. आणि पुंजका उपटू तर मुळीच नका. यांची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर.