जर्मनीची निवडणूक कशी बघावी, आणि आपल्या पक्षांशी ताडून कशी पाहावी

दोन देशांतल्या पक्षांच्या जागा शेजारी मांडून तुलना सुरू केली की ती पहिल्याच पायरीवर फसते. मतांच्या जागा कशा होतात, हे आधी बघायचं. त्यासाठी जर्मनीसारखा अभ्यासाचा देश नाही, कारण तिथे एकाच मतपत्रिकेवर दोन पद्धती नांदतात. डाव्या बाजूला काळ्या अक्षरांत उमेदवार, उजव्या बाजूला निळ्या अक्षरांत पक्ष. मतदार दोन्हीकडे एकेक फुली मारतो.

आपल्याला सवय उमेदवाराची, म्हणून नजर डावीकडे जाते. ती उजवीकडे न्या. बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, ६३० जागा पक्षाला मिळालेल्या दुसऱ्या मतांवरच वाटल्या जातात. मतदारसंघ २९९ आहेत, पण तिथे पहिला आलेला निवडून आलाच असं नाही. पक्षाच्या वाट्याला तेवढ्या जागा येत नसतील तर कमी टक्केवारीचे विजेते घरी राहतात. हा नियम २०२५ मध्ये पहिल्यांदा लागू झाला आणि २३ विजेत्यांना जागा मिळाली नाही.

पाच टक्क्यांचा उंबरठाही लक्षात ठेवा. तो ओलांडता आला नाही तर पक्षाला एकही जागा नाही; मात्र तीन मतदारसंघ जिंकले तर सूट मिळते. डी लिंके या डाव्या पक्षाला २०२१ मध्ये ४.९ टक्के मतं होती, पण तीन मतदारसंघ हाती आल्याने मतांच्या प्रमाणात पूर्ण वाटा मिळाला.

निकालाच्या रात्री जर्मन वेळेप्रमाणे संध्याकाळी सहाला मतदान संपतं आणि त्याच क्षणी एआरडी व झेडडीएफ या वाहिन्या एक्झिट पोल देतात. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेनऊ. हे पहिले आकडे टिपून ठेवा, पण ४.५ ते ५.५ टक्क्यांच्या पट्ट्यातल्या पक्षावर निष्कर्ष काढू नका. त्या रात्री बहुमताचं गणित याच पट्ट्यावर फिरतं, कारण एक छोटा पक्ष आत आला की बाकी सगळ्यांच्या जागा घटतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर थांबला, दहा हजारांहूनही कमी मतांनी.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन घ्या. पक्ष खरोखर किती, हे मोजायचं एक सोपं सूत्र आहे: प्रत्येक पक्षाचा जागांमधला वाटा दशांशात लिहा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि १ ला त्या बेरजेने भागा. २०२५ च्या जागा अशा: सीडीयू-सीएसयू (उजवीकडे झुकलेले दोन भगिनी पक्ष) २०८, एएफडी (कडवा उजवा) १५२, एसपीडी (डावीकडे झुकलेला) १२०, ग्रीन ८५, डी लिंके ६४, आणि पाच टक्क्यांच्या अटीतून सूट असलेल्या डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाची १. उत्तर सुमारे ४.३ येतं. सीडीयूचे १६४ आणि सीएसयूचे ४४ वेगळे धरलेत तर तेच ५.१ होतं. सीएसयू फक्त बव्हेरियात लढतो, सीडीयू तिथे कधीच उभा राहत नाही, आणि संसदेत दोघांचा गट एकच. म्हणून एकत्र धरणं योग्य.

आता महाराष्ट्र, नोव्हेंबर २०२४: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, उद्धव ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार गट १०. पक्षनिहाय मोजलं तर ३.६ च्या आसपास, आघाड्या धरल्या तर जेमतेम १.५. दोन्ही आकडे खरे आहेत. आपल्याकडे युती मतदानाआधी होते आणि जागावाटप दर निवडणुकीला नव्याने भांडून ठरतं. जर्मनीत सरकारची आघाडी निकालानंतर जुळते. त्यामुळे जर्मनीच्या ४.३ समोर ३.६ आणि १.५ दोन्ही ठेवा, नाहीतर तुलना हवी तिकडे झुकवता येते.

मतांच्या टक्केवारीतही सापळा आहे. शरद पवार गटाला ११.३ टक्के मतं आणि १० जागा. अजित पवारांना ९ टक्के आणि ४१ जागा. पहिला गट ८६ ठिकाणी लढला, दुसरा ५९. जास्त जागा लढवल्या की राज्यभराची टक्केवारी आपोआप फुगते. म्हणून आपल्या पक्षाची टक्केवारी त्याने लढवलेल्या मतदारसंघांपुरती काढा. जर्मनीत दुसऱ्या मतासाठी हा त्रास जवळपास नाही, अपवाद सीएसयूचा.

शेवटची तपासणी शिस्तीची. ६ मे २०२५ ला संसदेत चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, निवडायचा होता; बहुमताला ३१६ मतं हवी होती, सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी मिळून ३२८ होते, तरी सीडीयूचे उमेदवार मेर्त्स यांना पहिल्या फेरीत ३१० च मिळाली. दुपारी दुसऱ्या फेरीत ३२५ मिळाली. चॅन्सेलरची निवड गुप्त मतदानाने होते आणि पक्षांतरबंदीचा कायदा तिथे नाही. आपल्या विधानसभेत विश्वासदर्शक ठरावावर मत उघड असतं आणि व्हिप मोडणारा संविधानाच्या दहाव्या परिशिष्टात (पक्षांतरबंदी) अडकतो. त्यामुळे 'तिथले खासदार फुटले' असं लिहिण्याआधी मतदान गुप्त होतं की उघड, हे टिपून घ्या.