लाइनमनची चाचणी कशी पाहावी: पहिले दहा यार्ड, हाताची लांबी आणि गुडघे

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड एप्रिलच्या अखेरीस होणाऱ्या ड्राफ्टमधून होते; त्यात संघ फेरीफेरीने, क्रमाने खेळाडू निवडतात. त्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या आरंभी, कॉलेजच्या निवडक खेळाडूंची शारीरिक चाचणी इंडियानापोलिसमध्ये घेतली जाते. तिला कम्बाइन म्हणतात आणि १९८७ पासून तिचे शहर बदललेले नाही. तिथले घड्याळ त्या दिवसांत आपल्या साडेदहा तास मागे असल्यामुळे तिथल्या दुपारची कवायत नाशिकमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास पाहावी लागते. जागरण करायचेच असेल, तर नेमके काय पाहायचे हे आधी ठरवलेले बरे. हाच कित्ता तालमीतल्या किंवा कबड्डी संघातल्या वजनदार मुलांसाठी गिरवण्याची इच्छा असलेल्या प्रशिक्षकांनाही पुढील मजकूर उपयोगी पडावा.

लाइनमन म्हणजे चेंडूच्या रेषेवर समोरासमोर उभे ठाकणारे धिप्पाड खेळाडू. आक्रमक बाजूचे पाच जण क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूचे रक्षण करतात आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करतात, तर बचावाच्या बाजूचे त्यांना भेदून आत शिरू पाहतात. दोघांचाही खरा खेळ तीन-चार मीटरच्या परिसरात आणि काही सेकंदांत संपतो. म्हणूनच सर्वांत गाजणाऱ्या ४० यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरच्या धावेतील एकूण वेळेला लाइनमनच्या बाबतीत फारसे महत्त्व देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच धावेतील पहिल्या दहा यार्डांची, म्हणजे ९.१४ मीटरची वेळ मात्र जरूर टिपावी. आक्रमक लाइनमनने हे अंतर पावणेदोन सेकंदांच्या आसपास पार केले, तर त्याचा सुरुवातीचा झपाटा चांगला समजतात. ही वेळ नेहमी वजनासोबत वाचावी, कारण १३५ किलोच्या आणि १५५ किलोच्या खेळाडूंची वेळ सारखीच आली, तरी दुसऱ्याने कितीतरी अधिक ताकद जमिनीत घातलेली असते. २०२२ मध्ये जॉर्डन डेव्हिस या सुमारे १५५ किलोच्या बचावपटूने ४० यार्ड ४.७८ सेकंदांत कापले तेव्हा सगळे थक्क झाले ते याच हिशेबाने.

धावेच्याही आधी मोजमापे घ्यावीत. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजतात, आणि टोकाला खेळणाऱ्या टॅकलकडून ती साधारण ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर असावी अशी अपेक्षा असते. ज्याचा हात लांब त्याचा पंजा समोरच्याच्या छातीवर आधी पोहोचतो, इतके साधे कारण यामागे आहे. टेप ढिली धरली किंवा खांदा पुढे झुकला तर अर्धा इंच सहज इकडेतिकडे होतो, म्हणून खेळाडूला भिंतीला पाठ टेकवून उभे करावे आणि माप दोनदा घ्यावे.

बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणे झोपून, २२५ पौंडांचे, म्हणजे १०२ किलोचे वजन किती वेळा उचलले जाते ते मोजतात. त्यातून ताकदीपेक्षा दम आणि व्यायामशाळेतली शिस्त जास्त कळते, शिवाय लांब हातांच्या खेळाडूला वजन अधिक अंतर ढकलावे लागते, हेही विसरू नये. उंच उडी आणि लांब उडी जागेवरूनच मारायची असते आणि पायांतील उसळी समजण्यापुरत्या त्या पुरेशा आहेत.

५-१०-५ ही शटल धाव मात्र लक्षपूर्वक पाहावी. मधल्या खुणेवरून एका बाजूला पाच यार्ड, तिथून उलट दिशेला दहा आणि पुन्हा मध्याकडे पाच, असे वीस यार्ड धावायचे असतात. वळताना खेळाडूचे बूड खाली जाते की तो ताठ उभा राहून चार-पाच छोटी पावले टाकत थांबतो, यातच त्याचे सामर्थ्य किंवा उणीव उघडी पडते.

मैदानी कवायतींपैकी मिरर ड्रिल मला सर्वांत बोलकी वाटते. समोर उभा असलेला माणूस डावी-उजवीकडे अचानक दिशा बदलतो आणि लाइनमनने त्याच्यासमोरून न हटता आडवे सरकायचे असते. इथे स्टॉपवॉच खिशात ठेवावे आणि नजर प्रथम पावलांवर ठेवावी: ती एकमेकांना ओलांडतात का, टाचा एकमेकींवर आपटतात का, दोन पावलांमधले अंतर खांद्यांइतके टिकते का. त्यानंतर पाहायचे ते गुडघे. चांगला लाइनमन पवित्र्यात उभ्या असलेल्या मल्लासारखा गुडघ्यांतून बसतो, छाती वर आणि डोके मागे ठेवतो. कच्चा खेळाडू कमरेतून वाकतो, त्याचे डोके पायांच्या पुढे जाते आणि समोरच्याने हात ओढताच तो तोंडावर पडतो. टॅकलच्या किक-स्लाइडमध्येही, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी मागे सरकताना, हेच तपासावे, फक्त तिथे बाहेरचा पाय तिरपा मागे जाताना जमिनीलगत सरकतो की हवेत उचलला जातो, तेवढे आणखी पाहावे. बचावाच्या लाइनमनला जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या कड्याभोवती पळवतात, तेव्हा घोट्यातून आत झुकूनही त्याचा वेग टिकतो का, हा एकच प्रश्न महत्त्वाचा असतो.

आकड्यांच्या आहारी जाण्याचा धोका मोठा आहे. १९९५ मध्ये माइक मामुला या बचावपटूने कम्बाइनच्या कवायतींचाच कसून सराव केला, चाचणीत डोळे दिपवले आणि सातव्या क्रमांकावर निवड मिळवली, पण त्या क्रमांकाला साजेशी कारकीर्द त्याची झाली नाही. उलट ऑरलँडो ब्राउन ज्युनियरने २०१८ मध्ये ४० यार्डांना ५.८५ सेकंद घेतले, बेंच प्रेस जेमतेम १४ वेळा केला आणि तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला; तोच पुढे प्रो बोल या मानाच्या निवडीत चार वेळा आला आणि सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही जिंकला. त्याचे कॉलेजचे सामने पाहणाऱ्यांना त्याचे लांब हात आणि अवाढव्य देह तेव्हाही दिसत होता. कवायतीत जे खटकले ते सामन्याच्या चित्रफितीत शोधावे, आणि तिथे ते सापडले नाही तर चित्रफितीवर विश्वास ठेवावा.

नाशिकमध्ये ही चाचणी घ्यायची झाल्यास गोल्फ क्लब मैदानासारखी मोकळी, सपाट जागा, टेप, पाच शंकू आणि एक मोबाइल एवढे पुरते. यार्डांचे मीटर करून खुणा आखाव्यात: पाच यार्ड म्हणजे ४.५७ मीटर. हातातल्या स्टॉपवॉचची वेळ बटण दाबण्याच्या विलंबामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी येते. त्यामुळे मोबाइल खुणेच्या रेषेत तिवईवर ठेवून चित्रण करावे आणि फ्रेम मोजाव्यात. इंडियानापोलिसची चाचणी बंदिस्त स्टेडियममधील कृत्रिम गवतावर होते, आपल्याकडे पायाखाली माती आणि खडे असतात, म्हणून तिथल्या वेळांशी तुलना न करता आपल्याच मुलांची आपसांत आणि दोन महिन्यांपूर्वीच्या त्यांच्याच नोंदीशी तुलना करावी. शाळेत जाड म्हणून गोळाफेकीपुरता उरलेला एखादा मुलगा पहिल्या नऊ मीटरांत सर्वांच्या पुढे निघाल्याचे अशा वेळी दिसू शकते. मिरर ड्रिल मात्र प्रत्येकाकडून लागोपाठ पाच वेळा करून घ्यावी आणि पहिल्याऐवजी पाचव्या वेळचे गुडघे वहीत नोंदवावेत, कारण दमलेला माणूस कमरेतून वाकू लागतो आणि सामन्याच्या शेवटच्या सत्रात तो तसाच उभा राहणार असतो.